माळावरचे घर आणि घरची बाई

बदलीचा हुकूम पुरुषाच्या नावाने निघतो आणि संसार बाईला हलवावा लागतो, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्यांना निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहोत. दहा वर्षांत तीन गावे झाली. तिसऱ्या गावच्या सरकारी क्वार्टरमध्ये सामानाच्या पेट्या अजून पुरत्या उघडल्याही नव्हत्या, तोच आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या ग्रंथालयातून लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेचे 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' हे पुस्तक आणले. इंग्रजी तिला जड जाई, म्हणून रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही ते मराठीत सांगत वाचू लागलो. विस्कॉन्सिनच्या अरण्यातले भरले घर विकून एक कुटुंब कापडी छताच्या गाडीतून कॅन्ससच्या अफाट माळाकडे निघते, हा आरंभीचा भाग आम्ही मोठ्या रंगात येऊन वाचला. सौ. आत भांडी आवरीत होती. ती तिथूनच म्हणाली, "अहो, निघायचं ठरवलं कोणी? तिला विचारलं होतं का?"

आम्ही पान उलटून पाहिले. त्या मुलींची आई एवढेच विचारते, की इतक्या थंडीत आत्ताच निघायला हवे का. जावे की न जावे, हा प्रश्न तिच्यापुढे आलेलाच दिसत नाही. त्या रात्री वाचन तिथेच थांबले. पुढे काही महिने आम्ही अमेरिकेच्या पश्चिमेकडे वसाहत करावयास गेलेल्या स्त्रियांविषयीची पुस्तके जमतील तशी मिळवून वाचली. सौ.चा प्रश्न हातात धरून ती वाचली असता जे दिसले, ते या पानांच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. अमेरिकन काँग्रेसने १८६२ साली होमस्टेड कायदा केला. किरकोळ शुल्क भरून १६० एकर सरकारी जमिनीवर हक्क सांगावा, तिथे पाच वर्षे राहून ती कसावी, म्हणजे ती आपल्या मालकीची व्हावी, अशी ही योजना. एकवीस वर्षांची अविवाहित स्त्री किंवा विधवा असा हक्क सांगू शके. विवाहितेला मात्र सामान्यतः तो नसे, कारण कुटुंबाचा प्रमुख नवरा. ही जमीन बहुतांशी 'प्रेअरी' म्हणजे उंच गवताचा वृक्षहीन माळ. झाडे नाहीत म्हणून लाकूड नाही; लाकूड नाही म्हणून घरे मातीची. गवताच्या मुळ्यांसकट जमिनीचे थर नांगराने कापावयाचे, विटांसारखे रचावयाचे आणि वर तसेच छप्पर घालावयाचे. पाऊस आला की ते गळे. सरपणाच्या जागी वाळलेले शेण किंवा पिळलेले गवत. शेजार मैलांनी मोजावयाचा. अशा ठिकाणी स्वयंपाक, धुणे, शिवण, दूधदुभते, बाळंतपणे आणि आजारपणे हे सारे एका बाईच्या अंगावर असे.

या कष्टांचे चित्रण करण्यात वाइल्डरबाईंचा हात धरणारे कोणी नाही, असे आमचे मत झाले आहे. त्यांचा जन्म १८६७ सालचा. पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले १९३२ साली, म्हणजे वयाच्या पासष्टाव्या वर्षी. पत्रकार व लेखिका असलेली त्यांची मुलगी रोज वाइल्डर लेन हिने हस्तलिखितांवर बराच हात फिरवला, हे आता सर्वमान्य आहे. तथापि कामाची जी नेमकी जाण या पुस्तकांत आहे, ती ज्याच्या हातांनी ते काम केले त्याच्याचपाशी असते. घर उभारताना ओंडका उचलू लागणारी आई आणि तो निसटून दुखावलेला तिचा पाय. हिवतापाने घरातली सगळीच माणसे अंथरुणाला खिळल्यावर पाण्याच्या घोटासाठी चाललेली धडपड. टोळधाडीने पीक फस्त केल्यावर मजुरी शोधीत शेकडो मैल पायी पूर्वेकडे गेलेला बाप आणि मागे मुलींना घेऊन एकटी राहिलेली आई. हे प्रसंग सांगताना लेखिका कोठेही आवाज चढवीत नाही.

१९४० साली प्रसिद्ध झालेले 'द लाँग विंटर' हे पुस्तक आम्हांला या मालेत सर्वांत श्रेष्ठ वाटते. डाकोटा प्रांतातील द स्मेट या नवजात गावात १८८०-८१चा हिवाळा. हिमवादळांमागून हिमवादळे येतात, आगगाड्या बंद पडतात, कोळसा संपतो, पीठ संपते, रॉकेल संपते. मग गवत पिळून त्याच्या कांड्या करावयाच्या व त्या चुलीत घालावयाच्या. कॉफी दळण्याच्या चिमुकल्या यंत्रात आळीपाळीने गहू दळावयाचे आणि त्याच भरड पिठाची भाकर रोज खावयाची. दिवसभराचे दळण एका दिवसालाच पुरे, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रॉकेल संपल्यावर आई एक बटण, कापडाची चिंधी आणि गाडीच्या चाकाचे वंगण एवढ्यावर दिवा करते. पणती ज्याच्या घरात लागते, त्या वाचकाला या दिव्याची वात कशी वळली असेल हे सांगावे लागत नाही. उपासमारीचे इतके धिमे आणि म्हणूनच इतके भयानक वर्णन आमच्या वाचनात क्वचितच आले असेल.

आणखी एक वस्तू या मालेत वारंवार येते. चिनीमातीची धनगरणीची एक लहानशी बाहुली. नव्या घरात आई ती फळीवर ठेवते तेव्हा घर लागले असे सर्वांना वाटते. आपल्याकडे नव्या क्वार्टरमध्ये देव मांडल्यावाचून घर लागत नाही, त्यातलाच हा प्रकार. ती बाहुली सुखरूप पोहोचली यात किती गाड्या, किती नद्या आणि किती वेळा घर मोडणे आले, हे लेखिका सांगत नाही; वाचकाने ते मोजावे.

परंतु सौ.चा प्रश्न येथेही पाठ सोडीत नाही. या आईचे नाव कॅरोलाइन. लग्नापूर्वी ती शिक्षिका होती. मुलींना शाळा मिळावी, हे तिचे एकमेव मागणे. बापाला मात्र पश्चिमेची ओढ. शेजाऱ्याच्या बंदुकीचा बार ऐकू आला तरी वस्ती दाट झाली असे त्याला वाटावे. तो प्रेमळ आहे, सारंगी वाजवितो, गोष्टी सांगतो, आणि लेखिकेचे सारे मन त्याच्याकडे आहे. परिणामी आईचा नकार पुस्तकात कधी पुरता उमटतच नाही. तो एखाद्या मिटल्या ओठातून, एखाद्या थांबलेल्या सुईतून कळतो. शेवटी रेल्वेच्या कामावर दुकान, हजेरी व हिशेब सांभाळणारा कारकून म्हणून बाप डाकोटात जातो. आमचाच तो धंदा, त्यामुळे हा भाग आम्ही ममत्वाने वाचला. मुलींच्या शिक्षणासाठी कुटुंब तिथेच स्थिरावते, त्याला पुढेही पश्चिम खुणावीत राहते आणि आई हलत नाही. कॅरोलाइन इंगल्स १९२४ साली द स्मेटमध्येच वारली. तिचा हा विजय खरे तर एका कादंबरीचा विषय होता; तो काही ओळींत उरकला आहे.

जे गाळले आहे तेही बोलके आहे. या दांपत्याला एक मुलगा झाला होता. तो १८७६ साली नऊ महिन्यांचा असताना वारला. त्यानंतर कुटुंब आयोवा राज्यात एका हॉटेलात राबत होते. मुलांसाठीच्या कादंबऱ्यांत यांपैकी काहीच नाही. १९३०च्या सुमारास लिहिलेले आणि २०१४ साली प्रथम ग्रंथरूपाने आलेले 'पायोनियर गर्ल' हे आत्मवृत्त वाचले म्हणजे ही रिकामी जागा ध्यानात येते. मुलांना मरण सांगू नये हा संकोच आम्ही समजू शकतो. पण त्यायोगे आईच्या सोसण्यातला सर्वांत जड भाग पुस्तकाबाहेर राहिला, हेही तितकेच खरे.

म्हणूनच लेखिकेच्या मृत्यूनंतर, १९७१ साली छापला गेलेला 'द फर्स्ट फोर इयर्स' हा ओबडधोबड खर्डा आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. येथे लॉरा स्वतः बायको आहे. शेतकऱ्याशी लग्न नको, असे ती स्पष्ट सांगते. तीन वर्षे करून पाहू, जमले नाही तर सोडू, असे होणारा नवरा सांगतो, तेव्हा ती रुकार देते. या साऱ्या वाङ्मयात बाईने अट घालून होकार दिल्याचे असे उदाहरण विरळा. आणि मग काय होते? मळणीला आलेल्या माणसांना पहिलेच जेवण घालताना नव्या गृहिणीच्या हातून गोड पदार्थात साखरच घालावयाची राहून जाते, येथपर्यंत हसावे. पण राहत्या घरावर पाचशे डॉलरचे कर्ज आहे, हे नवऱ्याने सांगितलेलेच नव्हते! गारपीट, अवर्षण, घटसर्प, तान्ह्या मुलाचा मृत्यू, घराला आग. तीन वर्षे संपतात, तेव्हा आणखी एक वर्ष देण्यात येते. या पुस्तकाला घाट नाही, भाषेवर शेवटचा हात फिरलेला नाही. पण विचारणे म्हणजे काय आणि विचारल्यासारखे करणे म्हणजे काय, यातला भेद येथे हिशेबाच्या वहीसारखा मांडला आहे.

वाइल्डरबाईंनी जे मिटल्या ओठांत ठेवले, ते नॉर्वेजियन लेखक ओ. ई. रोल्वाग यांनी उघड केले. 'जायंट्स इन द अर्थ' ही त्यांची कादंबरी मूळ नॉर्वेजियन भाषेत १९२४ व १९२५ साली दोन भागांत आणि इंग्रजीत १९२७ साली आली. रोल्वाग स्वतः १८९६ साली अमेरिकेत आलेले. त्यांचा नायक पेर हान्सा डाकोटाच्या माळावर राज्य उभारल्याच्या आनंदात आहे. त्याची बायको बेरेट हिला त्या माळात लपावयास आडोसा दिसत नाही. समुद्र आणि डोंगर यांच्या कुशीत वाढलेल्या बाईला चहूंकडे सपाट क्षितिज म्हणजे काय, हे लेखकाने असे दाखविले आहे की वाचकही अस्वस्थ होतो. रात्र झाली की ती खिडक्या झाकून घेते. माहेरच्या पिढ्यांकडून आलेली एक मोठी पेटी तिने बरोबर आणली आहे. टोळधाडीच्या दिवशी नवरा घरी परततो तेव्हा ती मुलांसह त्या पेटीत दडून बसलेली सापडते. या प्रसंगाला तोड नाही. वाटेत गाडलेल्या मुलाच्या ध्यासाने भ्रमिष्ट झालेली, गाडीत बांधून न्यावी लागणारी दुसरी एक आई याच कादंबरीत येते. वाटेवरच्या स्त्रियांच्या खऱ्या दैनंदिन्या लिलियन श्लिसेल यांनी १९८२ साली संकलित केल्या. त्यांतल्या बायका वाटेत दिसलेल्या थडग्यांची मोजदाद ठेवीत, हे पाहिले म्हणजे रोल्वागांनी कल्पनेचा अतिरेक केलेला नाही अशी खात्री पटते.

तरी आमची एक तक्रार आहे. बेरेट 'नको' म्हणते ते शहाण्या माणसासारखे नव्हे, आजारी माणसासारखे. तिचे भय समंजस होते. माळ खरोखरच माणसे खात होता आणि शेवटी तिच्याच आग्रहाखातर बर्फात बाहेर पडलेल्या पेर हान्सालाही तो खातो. परंतु लेखकाला तिचा विरोध वेडाच्या रूपातच दिसला. तिच्यावर दया करण्यास तो तयार आहे; तिच्याशी वाद घालण्यास नाही.

विला कॅथर या लेखिकेची वाट निराळी. 'ओ पायोनियर्स!' (१९१३) मधल्या ॲलेक्झांड्राकडे मरणारा बापच शेतीचा कारभार सोपवितो आणि ती भावांहून अधिक दूरदृष्टीने तो चालविते. 'माय आंतोनिया' (१९१८) मध्ये तर आमच्या प्रश्नाचे उत्तर उलटेच निघते. बोहेमियातून नेब्रास्काला येण्याचा आग्रह आईचा, थोरल्या मुलाचे भले व्हावे म्हणून. बापाला यावयाचे नव्हते, आणि पहिल्याच हिवाळ्यात तो आत्महत्या करतो. म्हणजे न विचारता नेलेला माणूस पुरुषही असू शकतो. कॅथरबाईंनी त्या बापाला सारी करुणा दिली आणि त्या आईला कजाग, लोभी रंगवून सोडले. मायदेशच्या रानातून जपून आणलेली वाळकी अळंबी ही आई शेजारणीला मोठ्या प्रेमाने देते. शेजारीण ती काहीतरी भलते म्हणून चुलीत टाकते. घरचा गोडा मसाला परप्रांतातल्या शेजाऱ्याला दिलेल्या आमच्या भगिनींना या प्रसंगावर अधिक सांगावयास नको. आंतोनियाच्या नांगरलेल्या शेतावर आणि शेवटी तळघरातून बाहेर लोटणाऱ्या तिच्या मुलांच्या घोळक्यावर लेखिकेचे प्रेम आहे, पण ही कथा सांगतो एक पुरुष, आणि तोही गाव सोडून शहरात वकील झालेला. दुरून पाहिल्यामुळे तिचे कष्ट सुंदर दिसतात.

स्वखुशीने गेलेल्या बाईचा आवाज ऐकावयाचा तर एलिनोर प्रुइट स्टुअर्ट यांची १९१४ सालची 'लेटर्स ऑफ अ वुमन होमस्टेडर' ही पत्रे वाचावीत. डेन्व्हर शहरात लोकांचे कपडे धुणारी ही बाई आपल्या लहानग्या मुलीला घेऊन १९०९ साली वायोमिंगला जाते आणि स्वतःच्या नावाने जमीन मागते. गवत कापावयास गडी मिळेना, तेव्हा स्वतःच यंत्रावर बसून कापणी सुरू करते. पत्रांत विनोद आहे, पाककृती आहेत, शेजारपाजार आहे. पण येथेही काही गोष्टी उशिरा कळतात. तिथे पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत तिने लग्न केले. ही बातमी जुन्या मालकिणीला ती पुष्कळ दिवसांनी कळविते. मुलाचा मृत्यूही असाच मागाहून येतो. आणि जमिनीचा जो हक्क तिने इतक्या अभिमानाने मिरविला, तो विवाहानंतर पुढे तिला सासूच्या नावे सोडून द्यावा लागला, असे कागदपत्रे तपासणाऱ्या अभ्यासकांनी दाखविले आहे. म्हणून पत्रे खोटी ठरत नाहीत. हसतमुखाने लिहिणाऱ्या बाईलाही कायद्याची चौकट सुटत नव्हती, एवढे दिसते.

या सर्व पुस्तकांवर एक आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माळ रिकामा नव्हता. इंगल्स कुटुंब १८६९ ते १८७१ या काळात कॅन्ससमध्ये राहिले ते ओसेज लोकांच्या राखीव जमिनीवर, कोणत्याही हक्काशिवाय. थोड्याच काळात ओसेजांनाच ती भूमी सोडून जावे लागले. वाइल्डरबाईंच्या पुस्तकातील एका वाक्यात तेथे माणसे नव्हती, केवळ इंडियन होते, अशा आशयाचे शब्द होते. वाचकाच्या तक्रारीनंतर १९५३च्या आवृत्तीत ते बदलण्यात आले. २०१८ साली अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेने लेखिकेच्या नावाचे बालसाहित्याचे पारितोषिकही निराळ्या नावाने देण्यास प्रारंभ केला. कॅरोलाइनला कोणी विचारले नाही, हे खरे. पण ओसेज बायकांना विचारण्याचा प्रश्न तर कोणाच्या मनातही आला नाही, आणि कॅरोलाइनच्या मनात त्यांच्याविषयी भय व तिटकारा यांखेरीज काही नव्हते. लुईस अर्ड्रिक यांनी 'द बर्चबार्क हाऊस' (१९९९) या पुस्तकात १८४७ सालच्या ओजिब्वे मुलीचे घर रंगविले. त्यातही कातडी कमावणे आहे, साखर करणे आहे, देवीच्या साथीत गेलेले तान्हे मूल आहे. वाइल्डरबाईंचे पुस्तक मुलांच्या हाती देणाऱ्याने हेही त्याशेजारी ठेवावे. एकीची सीमा ते दुसरीचे अंगण होते, हे दोन्ही पुस्तके मिळूनच समजते.

येथे मराठी वाचकाला एक नाव सहज आठवेल. वाइल्डरबाईंच्या पाठोपाठच्या वर्षी, १८६८ साली, लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला. त्यांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्याच वयाच्या, त्याच दशकात लिहिणाऱ्या या दोन स्त्रिया. लक्ष्मीबाई कोणत्या माळावर वसाहत करावयास गेल्या नव्हत्या, तेव्हा ही तुलना ताणू नये. पण गावोगाव फिरणारा, लहरी, प्रेमळ नवरा आणि त्याच्या निर्णयांमागून संसार ओढणारी बायको, हे दोहींकडे आहे. टिळकांनी १८९५ साली धर्मांतर केले ते बायकोला न विचारताच. फरक पडतो तो सांगण्यात. लक्ष्मीबाई नवऱ्यावर प्रेम करतात, त्याला हसतात, त्याच्याशी भांडतात आणि आपले काय झाले ते आपल्या तोंडाने सांगतात. त्यांच्या नकाराला गप्प बसावे लागत नाही, आणि भ्रमिष्ट व्हावे लागत नाही. अमेरिकन माळाच्या वाङ्मयाने बाईचे हात अचूक रेखाटले, तिची पाठ आणि तिची चूल रेखाटली. तिचे 'नको' मात्र त्याने मौनात, आजारात किंवा थट्टेत दडविले, असा आमचा निष्कर्ष आहे. 'द फर्स्ट फोर इयर्स' हा तेवढा अपवाद, आणि तो लेखिकेने आपल्या हयातीत छापला नाही.

एवढा अभ्यास करून आम्ही सौ.ला तिच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर सांगावयास बसलो. तिने कॅरोलाइनचे ऐकले, बेरेटचे ऐकले. वंगणाच्या दिव्याची कृती दोनदा विचारून घेतली. मग म्हणाली, "पुस्तकातलं कळलं. या वेळची बदली बढतीवर होती. तुम्ही ऑफिसात पेढे वाटलेत आणि उरलेले घरी घेऊन आलात. मला बदली पेढ्यांवरून कळली."

हे खरे आहे. आमच्यापाशी याला उत्तर नव्हते, आणि हा लेख लिहूनही ते सापडलेले नाही. दोन वर्षांनी पुन्हा पसंतीची ठिकाणे कळविण्याचा कागद आमच्या टेबलावर येईल. तो या वेळी कोरा घरी न्यावयाचा, एवढे मात्र आम्ही तिला कबूल केले आहे.